थूल सिस्टरची नोकरी

रविवारी थूल सिस्टर घरी नसत. म्हणजे त्या अंगणात निंबाच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेल्या असत, वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या सगळ्या सिंदी मेघेला दिसत असत; पण कुणी फाटकाशी येऊन बी.पी. बघायला सांगितलं की तोंड वर न करता म्हणत, "आज मी घरी नाई. उद्या येजो." माणूस त्यांच्याकडे बघत उभा राही. त्या शेंगा सोलत राहत. थोड्या वेळानं तो निघून जाई.

आमचं कुंपण एकच. मी कॉलेजात शिकवत होतो, त्या हिंगणीच्या बाजूला आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. नवरा लवकर गेला, तेव्हा मुलगा नितीन शाळेत होता. त्यांनी एकटीनं नोकरी केली, घर बांधलं, मुलाला इंजिनिअर केलं. पण यातल्या कशाबद्दल त्या कधी बोलत नसत. बोलत त्या रजेबद्दल. किरकोळ रजा, अर्जित रजा, सणाच्या दिवशी काम केल्याची बदली सुट्टी. एका रविवारी पलीकडच्या गल्लीतल्या पोरीला अचानक कळा सुरू झाल्या, तेव्हा सिस्टर चप्पल न घालता धावल्या आणि रिक्षातच बाळंतपण केलं. सोमवारी त्या कामावर गेल्या नाहीत. अंगणात खुर्ची होती. मी म्हटलं, "सिस्टर, आज सोमवार." त्या म्हणाल्या, "माह्यासाठी रविवार हाये, सर. कालचा गेला ना कामात."

त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी नितीनचं कॅनडाला जायचं ठरलं. नितीन पुण्यात होता, बायको शीतलही नोकरी करायची, मुलगी ओवी अजून पाळण्यात होती. कागदपत्रं आली होती, पण पाय निघत नव्हता. ते तिघं सुट्टीत घरी आले तेव्हा संध्याकाळी मला बोलावणं आलं. "सर, तुम्ही आईला जरा समजवा," नितीन दारातच हळू आवाजात म्हणाला.

आत चहा झाला. मग नितीननं खर्च सांगायला सुरुवात केली. घरभाडं, थंडीतला हीटर, गाडी, गाडीचा विमा. सिस्टर मधूनमधून विचारत. "तूर डाळ केवढ्याले?" "मेथी भेटते का?" "केस कापाचे केवढे?" नितीन फोनमध्ये बघून सांगे. सगळं कसंबसं बसत होतं, पण पाळणाघराशी येऊन गाडी अडे. ते एवढं महाग, की शीतलचा बराचसा पगार तिथंच गेला असता. ती घरी राहिली तर एका पगारात भागत नव्हतं. म्हणजे जाणंच रद्द.

"तू आलीस तर पाळणाघराचा खर्च वाचतो, आई," नितीन म्हणाला.

मी समजावण्यासाठी घसा खाकरला. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "येतो. पगार किती देशील?"

नितीन हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की आई हसत नाही.

"पाळणाघराले जे देणार होता त्याच्या अर्धे मले दे. वर्ध्याच्या खात्यात टाकजो. रविवारी सुट्टी. अन् वापस याचं तिकीट तू काढून देशील, तारीख मी सांगीन."

"आई, नातीला सांभाळायचे पैसे घेशील तू?"

"नातीचे कायले घेऊ? नात माही हाये. पन वाचवून तू राह्यला ना? मंग जिच्यामुळं वाचते तिले त्यातलं काई भेटलं पायजे का नाई?"

नितीनचं तोंड लाल झालं. तो माझ्याकडे बघू लागला. मी कपातल्या संपलेल्या चहाकडे बघत होतो. शेवटी बोलली ती शीतल. इतका वेळ ती पोरीला मांडीवर थोपटत होती. "मान्य आहे, आई," ती म्हणाली. नितीननं तिच्याकडेही पाहिलं, पण आता दोन मतं एका बाजूला झाली होती.

गोष्ट वसाहतीत पसरली. कलियुग आल्याचं बऱ्याच जणांना त्याच आठवड्यात कळलं. आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी विचारलंच, "आजी असून पगार?" सिस्टर कुंपणापलीकडून ऐकत होत्या. "फुकटच्या मानसाले सुट्टी भेटत नाई वं," त्या म्हणाल्या आणि वाळलेले कपडे काढू लागल्या.

पोरं आधी गेली; ते वर्ष शीतल पोरीसाठी घरी राहिली आणि पुण्यातली बचत मोडून भागवलं. व्हिसाचे सोपस्कार होऊन सिस्टर वर्षभरानं गेल्या. दर रविवारी त्यांचा फोन येई. मला वाटलं होतं, थंडीबद्दल, एकटेपणाबद्दल बोलतील. त्या बसच्या पासबद्दल बोलत. रविवारी त्या पास घेऊन निघत, शेवटच्या थांब्यापर्यंत जात आणि तीच बस धरून परत येत. एका तळ्याजवळ त्यांना कुठल्या तरी दुसऱ्याच देशातली, त्यांच्याच वयाची बाई भेटली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. "तिचे गुडघे दुखतात, माहे बी दुखतात. येवढं तर समजतेच ना," सिस्टर म्हणाल्या. मी भाजीचे भाव विचारले, तर फोनवरच रागावल्या. "रुपयात मोजू नका, सर. मोजलं का घास उतरत नाई. शीतलले म्या तेच सांगतलं. बाई पयल्या वर्षी कोथिंबीर बी पाहून पाहून खाये."

सुट्टीच्या बाबतीत सिस्टर इकडच्याइतक्याच कडक राहिल्या. एकदा नितीननं रविवारी ऑफिसातले मित्र जेवायला बोलावले आणि आईला मांडे करायला सांगितले. "सोमवारी बोलाव," सिस्टर म्हणाल्या. मित्र रविवारीच आले. नितीननं केलेलं वरण त्यांनी खाल्लं. हे मला नितीननंच पुढं सांगितलं. पहिलं वरण फार वाईट होतं, दुसऱ्या वर्षी बरं झालं, असंही तो म्हणाला. पोरीची वेणीही तो तेव्हाच घालायला शिकला.

मग एका हिवाळ्यात शीतलचं पोटाचं ऑपरेशन झालं. जवळजवळ दोन महिने सिस्टरनी रविवार घेतला नाही. स्वयंपाक, पोरगी, शीतलची जखम, सगळं त्यांनी बघितलं. त्या वेळी त्यांचा फोनही आला नाही. शीतल उठून कामाला लागल्यावर नितीननं आईच्या खात्यात जास्तीचे पैसे टाकले. सुट्ट्यांचे म्हणून.

सिस्टर त्या दिवशी मला फोनवर म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकवता पोराईले. याले येवढं कसं नाई समजत? शीतल बिमार होती. बिमारीत माय लागते मानसाले. त्याचा कोनी पगार करते का?" आवाज बारीक झाला होता. पैसे त्यांनी परत घ्यायला लावले. नितीननं ते मान खाली घालून घेतले. रागानं नाही, लाजेनं.

ओवी शाळेत जायला लागली, तेव्हा सिस्टरनी परतीची तारीख सांगितली. नितीन गयावया करू लागला. "आता काही करू नको, आई. नुसता आराम कर." त्या म्हणाल्या, "आराम कराले माह्याजवळ घर हाये, बाबू."

परत आल्यावर त्यांनी साठलेल्या पैशातून न्हाणीघर नवं बांधलं. गरम पाण्याचा नळ, बसायचं कमोड, धरायला दांडी. "तिथलं येवढंच आनन्यासारखं होतं," त्या म्हणाल्या आणि मला दांडी धरून बघायला लावली.

दोन वर्षांनी एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. नितीन, शीतल आणि ओवी तिसऱ्या दिवशी पोचले. अंत्यविधी झाला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, दिवशी मांडवात बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि बायका बसून राहिल्या. नागपूरहून आलेल्या नातेवाइकांची पोरं ओवीभोवती जमली. ती सहा वर्षांची, गुलाबी जाकिटातली. पोरं तिच्याशी जपून, शाळेतलं इंग्रजी बोलत होती. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"तुमी मराठीत बोला ना," ती म्हणाली. "काऊन लाजून राह्यले?"

मांडवातल्या बायका वळून बघू लागल्या. हिंगणीकडून आलेल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि ती मोठ्यानं रडू लागली. तिची तिन्ही बाळंतपणं सिस्टरनी केली होती.

नितीन माझ्या शेजारी उभा होता. "आम्ही घरात असं बोलत नाही, सर," तो म्हणाला. "रोज फोनवर दोघी बोलायच्या. आम्ही तिला काही शिकवलं नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो.

ओवी म्हातारीजवळ जाऊन उभी राहिली होती. तिनं म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला आणि जराशा दटावणीच्या सुरात म्हणाली, "उगी राय वं माय. थांब, मी पानी आनतो." आणि ती घरात गेली.