टोपलीत पडलं की बाद

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि शाळेत लागून जेमतेम वर्ष झालं होतं. तिथं बोरी गावचा एक शिक्षक होता, माझ्याच वयाचा. त्याचं घर मोठ्या शेतकऱ्याचं, आमचं बौद्ध मजुराचं. तरी मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांच्या डब्यात जेवायचो. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तापला आणि तो दुसऱ्या खोलीत जेवायला लागला. भांडण नाही, शब्द नाही. तो चिडलाय, त्याला घरून कुणी दटावलंय, की माझंच काही चुकलंय, कळेना. विचारावं तर नको ते उत्तर येईल म्हणून भीती वाटे.

अशात पी.टी.चे सर शिबिराहून प्लास्टिकच्या चार तबकड्या घेऊन आले. नगरपालिकेच्या बागेत त्यांनी सहा ठिकाणी खुंटांवर बांबूच्या टोपल्या बसवल्या. रविवारी सकाळी आधी शिक्षकांनी शिकायचं, मग पोरांना शिकवायचं. "तबकडी फेकायची, जिथं पडली तिथून पुढची फेक. टोपलीत पडेस्तोवर. फेकी मोजत जा," एवढंच सांगून ते पुढं गेले. जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या. माझ्या वाट्याला तोच आला.

पहिल्या टोपलीत माझी तबकडी तिसऱ्याच फेकीला पडली. मला बरं वाटलं. तो मात्र कळवळला.

"इतक्या लवकर कशाला टाकलीस? बाद झालास की."

पंधरा दिवसांनी तो माझ्याशी बोलला होता. शिवाय बोलणं पटण्यासारखं होतं. विटी-दांडू घ्या, क्रिकेट घ्या, आकडा वाढवणारा जिंकतो. मग टोपली म्हणजे बाद होण्याचीच जागा असणार. तिथून पुढं आम्ही टोपल्या चुकवायला लागलो. तबकडी कण्हेरीत जाई, कारंज्याच्या कोरड्या हौदात जाई. "लय भारी," तो म्हणे, "आनखी तिकडं मार." पाचव्या टोपलीपाशी माझी फेक सरळ आत चालली होती, तर त्यानं हात आडवा घालून ती झेलली.

शेवटी आमचे आकडे सत्तेचाळीस आणि बावन्न भरले. आम्ही ते अभिमानानं सांगितले.

सर बघतच राहिले. "अहो गुरुजी, कमी फेकी ज्याच्या, तो जिंकला. तुमी दोघं काय करायलाव दोन तास?"

सगळे हसले. माझे कान तापले. तो म्हणाला, "आधी सांगायचं की सर. मी ह्याला टाकू देईना गेलो."

परतताना तो चौकापर्यंत माझ्यासोबत चालला, पण डब्याचा विषय निघाला नाही. खेळापुरताच बोलला असेल, असं वाटून मला झोप नीट लागली नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन माझ्या समोर येऊन बसला. ठेचा माझ्याकडं सरकवला.

मी धीर करून विचारलं, "इतके दिवस का आला नाहीस?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"ती पाचवी टोपली," तो म्हणाला, "मी हात घातला नसता तर पडलीच असती तुझी."

"पडली असती," मी म्हणालो, आणि ठेचा घेतला.