हजेरीत नसलेल्या बाईने काढलेला फोटो

बाई गं, आशीर्वाद वगैरे नंतर, आधी भांडण. परवा फोनवर तू म्हणालीस, "जाऊ दे ना मावशी, पुस्तक नाही झालं तर नाही झालं," आणि माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांच्या सेटवर कोपऱ्यात उभी राहून फोटो काढलेस, त्यांचं एक पुस्तक निघत होतं, वर तुझं नाव येणार होतं, ते एका फोटोपायी अडलं, आणि तू म्हणतेस जाऊ दे. ही 'जाऊ दे'ची खोड तुला तुझ्या आईकडून आली, माझ्याकडून नक्की नाही. तेव्हा काय झालं ते एकदा सरळ लिहून काढते. 'तू तू' करत लिहिलं तर दर ओळीला तुझा कान धरावासा वाटेल, म्हणून तिऱ्हाइताची गोष्ट असल्यासारखी सांगते. त्यातली मावशीही तिऱ्हाईतच समज.

तर एक भाची होती. चाळिशी ओलांडलेली, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला, कारण कॅमेऱ्याची पिशवी कायम त्याच खांद्यावर. सिनेमाचं शूटिंग चालू असताना त्यातल्या प्रसंगांचे फोटो काढणं हा तिचा धंदा. पोस्टरवर, वर्तमानपत्रात, मासिकात जे दिसतात ते हे फोटो. या कामाला सेटवर 'स्टिल' म्हणतात आणि ते करणाऱ्या माणसालाही 'स्टिल'च म्हणतात. "स्टिलला सरकायला सांगा." "स्टिलचा चहा झाला का?" "हे स्टिल मध्येच काय उभं आहे?" म्हणजे बाईही नाही आणि पुरुषही नाही, टेबलासारखं नपुंसकलिंगी. पहिल्या वर्षी तिला राग यायचा. पुढे पुढे ती स्वतःच फोनवर सांगायला लागली, "हॅलो, स्टिल बोलतंय."

सेटवर कॅमेरे दोन असतात. एकासाठी सगळं जग थांबतं आणि दुसरा सगळ्या जगाच्या पायात येतो. भाचीचा दुसरा. मोठ्या कॅमेऱ्याच्या खाली उकिडवं बसायचं, नाहीतर दिग्दर्शकाच्या खांद्यामागून मान काढायची. दिवेवाले म्हणणार तुमची सावली पडते, मेकअपवाली म्हणणार माझी खुर्ची सोडा. मऊ तळव्यांचे बूट घालायचे, खोकला आला तर गिळायचा. आणि प्रसंग संपला की सगळे पांगायच्या आत "एक मिनिट, स्टिल," असं ओरडून नटांना पुन्हा तसंच उभं राहायला सांगायचं. ते राहतात, पण चेहऱ्यावर 'आटपा' असं लिहिलेलं असतं. तो 'आटपा' पुसून फोटो काढायचा, यात तिची हयात गेली.

सिनेमा नसला की मासिकांची कामं. सकाळी नऊला फोन, अकराला हजर. कधी दातांचे डॉक्टर, कधी कारखानदार, कधी कुणी निवृत्त बडं प्रस्थ. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "हसू की नको?" पंधरा मिनिटांत माणूस बोलता करायचा, खिडकीचा उजेड त्याच्या गालावर आणायचा, आणि छापून येताना तो फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, खाली ओळ, 'छायाचित्र: विशेष व्यवस्था'. घरी आई म्हणायची, "तुझं नाव विशेष व्यवस्था कधीपासून?"

ज्या दिवसाची गोष्ट आहे त्या दिवशी तिला दोन्ही कामं होती. दोन्ही घ्यायला नको होती. पण नाही म्हटलं की पुढचा फोन दुसरीला जातो, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

सकाळी एक निवृत्त न्यायाधीश. पुस्तकांच्या कपाटापुढे ताठ बसले होते. तिचा कॅमेरा नव्या जातीचा, त्यात आवाज बंद ठेवायची सोय. सिनेमाच्या सेटवर ती लागतेच, म्हणून तो बहुतेक वेळ मुकाच असायचा. तिने फोटो काढायला सुरुवात केली आणि न्यायाधीश दगडासारखे घट्ट.

"काढताय ना?"

"बारा काढले, साहेब."

"आवाज कुठे आला? आवाज नाही म्हणजे नोंद नाही."

बिचाऱ्यांना श्वास कधी सोडायचा तेच कळत नव्हतं. मग तिने कॅमेऱ्याचा आवाज चालू केला. खट् झालं की न्यायाधीश सैल व्हायचे, पुढचं खट् येईपर्यंत पुन्हा सावरायचे, आणि त्या मधल्या सैलपणात तिला फोटो मिळाले. चांगले मिळाले. निघताना ते म्हणाले, "आता कसं, काम झाल्यासारखं वाटलं." ती घड्याळ बघत जिना उतरली. आवाज बंद करायचा राहिला.

दुपारी सेटवर जो प्रसंग होता तो एकदाच होणारा होता. सिनेमात एका पहारेकऱ्याची नोकरी सुटते आणि तो घरी येऊन आरशापुढे आपली मिशी काढतो. काम करणारा म्हातारा नट मोठा मानी. खोटी मिशी लावणार नाही म्हणाला, चाळीस वर्षं राखलेली स्वतःची काढतो, पण पुन्हा उगवून देणार नाही. म्हणजे 'पुन्हा एकदा घेऊ' ही सोयच नाही. आणि नंतर "एक मिनिट, स्टिल" म्हणण्यातही अर्थ नाही, कारण तोपर्यंत मिशी बेसिनमध्ये. फोटो काढायचा तर प्रसंग चालू असतानाच.

दिग्दर्शक कटकट करत तयार झाला. "तुमचा कॅमेरा मुका आहे ना?"

"मुका आहे," भाची म्हणाली. वीस वर्षांची सवय बोलली. बघितलं नाही.

सगळे गप्प. वस्तरा चालला. म्हातारा सावकाश, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. फेस पुसला आणि आरशात बघितलं. आता तो पहारेकरी नव्हता आणि नटही नव्हता. चाळीस वर्षं स्वतःलाच न दिसलेला ओठ समोर आला होता आणि हा कोण, असा प्रश्न त्याच्या तोंडावर उघडा पडला होता. भाचीने बोट दाबलं.

खट्.

म्हाताऱ्याची नजर पापणीभर हलली आणि परत आरशात गेली. कसलेला माणूस, प्रसंग पुरा केला. दिग्दर्शकाने 'कट' म्हटलं आणि विचारलं, "कोण?" सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"चुकलं. सकाळच्या कामात आवाज..."

"मला तुमची सकाळ नको आहे."

सिनेमाच्या कार्यालयाचा व्यवस्थापक पुढे आला. गोड बोलणारा आणि कामाला न येणारा अशी एक जात असते, त्यातला. "ताई, तुम्ही बाहेर व्हा. साहेब शांत होऊ देत." ती बाहेर झाली. शूटिंगचे उरलेले दोन दिवस दुसऱ्याच कुणाला बोलावलं. आणि ध्वनीवाल्याने, ज्याच्या कानात ते खट् गोळीसारखं घुसलं होतं, संध्याकाळी ऐकून निर्वाळा दिला की वस्तरा बेसिनवर ठेवल्याचा आवाज वाटतो, राहू दे तसाच. तो अजून सिनेमात आहे. ज्याला माहीत नाही त्याला कळायचं नाही.

करारात होतं म्हणून भाचीने त्या दिवसाचे सगळे फोटो मुकाट कार्यालयात नेऊन दिले. महिनाभराने पोस्टर लागलं. भिंतीएवढं, आणि त्यावर तोच उघडा ओठ. ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून खालची बारीक अक्षरं वाचत होती. सजावट, कपडे, केशरचना, वाहनव्यवस्था. स्टिलपुढे शेवटचे दोन दिवस आलेल्याचं नाव.

तेव्हाही ती 'जाऊ दे' म्हणाली. पण पुढच्या वर्षी एका प्रकाशनसंस्थेच्या संपादिकेने तिला बोलावलं. तिचे वीस वर्षांतले सेटवरचे फोटो टेबलावर पसरून बघितले आणि म्हणाली, "पुस्तक करू. मुखपृष्ठावर हा, मिशीवाला." म्हणजे मिशी नसलेला. अट एकच. फोटो हिनेच काढला आणि छापायला हरकत नाही, असं सिनेमावाल्यांकडून सहीनिशी दोन ओळी. मुदत महिनाअखेर. मुखपृष्ठ नसेल तर वरचे लोक पुस्तकाला तयार होणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं.

भाची कार्यालयात गेली. व्यवस्थापकाने चहा मागवला आणि हजेरीपट काढला.

"अकरा तारीख म्हणताय ना? हे बघा. तुम्ही गैरहजर."

"गैरहजर? मला बाहेर तुम्हीच काढलंत."

"ताई, गैरहजर माणसाला बाहेर कसं काढणार?"

"मग फोटो कोणी काढला?"

"ते आमच्या कागदावर नाही. साहेब चिडले होते, मी दिवसच खोडला. आता खोडलेलं परत कसं लिहू? चहा घ्या."

चहा न घेता ती तडक मावशीकडे आली आणि कधी नव्हे ती रडली. रडत नाही म्हणत रडली. मावशीने सगळं ऐकलं आणि दिग्दर्शकाचं नाव कानावर पडताच उडालीच. "तो? मी शाळेत शिकवायचे तेव्हा तो माझ्या वर्गात तीन वर्षं मागच्या बाकावर झोपलाय. थांब, मी फोन करते."

"नको. तू त्याला झापशील."

"झापेन नाहीतर काय ओवाळेन?"

"मावशी, प्लीज. चूक माझी होती."

"चूक आवाजाची होती. फोटोची नव्हती."

बराच वेळ हुज्जत घालून ठरलं ते असं. फोनवर माणूस बघू, करू म्हणतो. दारात उभ्या असलेल्या जुन्या बाईंना तसं म्हणू शकत नाही. तेव्हा भाचीने त्या फोटोची मोठी प्रत मावशीला आणून द्यायची, मावशीने ती घेऊन त्याच्या घरी जायचं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी आणि सही घेऊन यायची. प्रत आणायचा दिवस गुरुवार.

गुरुवारी सकाळी मासिकाचा फोन आला, कुणी हृदयाचे डॉक्टर, अकराला हजर. भाचीने कळवलं, "सोमवारी आणते." सोमवारी पाठ धरली. मग पुढचा गुरुवार. पाठ खरी होती आणि डॉक्टरही खरे होते, पण खरं कारण तिसरंच. ती दोनदा प्रत पिशवीत घालून मावशीच्या इमारतीपर्यंत आली होती आणि खालूनच परत गेली होती. प्रत मावशीच्या हातात दिली की ती दिग्दर्शकापुढे जाणार, आणि तो विचारणार, "हीच ना ती, मुका आहे म्हणणारी?" त्या एका वाक्यापुढे तिचं पाऊल उचलेना. वीस वर्षं तिने ज्यांचं 'आटपा' ऐकून घेतलं, त्यांच्यापैकी एकाकडे प्रथमच काही मागायचं होतं, आणि तेही चुकलेल्या दिवसाचं.

मावशीनेही शहाणपणा केला असं नाही. तिला ताठा. पत्ता तिच्याकडे होता, रिक्षाने वीस मिनिटं. फोटो नसतानाही जाता आलं असतं, साध्या कागदावर लिहून घेता आलं असतं. पण 'गरज तिला आहे, तिने यावं, मी किती वेळा आठवण करू' असं म्हणत ती बसली. एकदाही उलटा फोन केला नाही. महिना संपला. संपादिकेने दुसऱ्या कुणाचं पुस्तक घेतलं, आणि ते भाचीने मावशीला कळवलं ते चार दिवसांनी, त्या 'जाऊ दे'सकट.

पहिल्या गुरुवारी मात्र मावशी तयार होती. पत्त्याची चिठ्ठी पाकिटात, चष्मा पुसलेला, पायात चपला. 'सोमवारी आणते' हा निरोप यायला दुपार झाली, आणि तो आल्यावरही, येईल कदाचित, म्हणून ती चार वाजेपर्यंत चपला न काढता दाराजवळच्या खुर्चीत बसून होती.