आठ इंचांची खुर्ची

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी श्रीपाद ती उलटी करून पाही. डॉक्टरांकडेसुद्धा. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवी आणि यजमानासमोरच नकारार्थी मान हलवी. घरच्या भिंतीत तो खिळा ठोकू देत नसे. कॅलेंडर तांदळाच्या डब्याला टेकून उभं असे. कपबशी वाजली की म्हणे, "जपानात असं चालत नाही."

जपानला तो गेला नव्हता. जपान त्याला ठाण्यात, खोपटच्या रद्दीवाल्याकडे मिळालं, एका फाटक्या मासिकात. स्वीडन अंबरनाथच्या कारखान्यात मिळालं. तिथे तो ड्राफ्ट्समन होता आणि स्वीडिश साहेब जुने कॅटलॉग टाकून देई. दोन्ही भाषा येत नव्हत्या. चित्रं कळत होती. १९५४ साली त्याने दोन्ही देश एका खुर्चीत आणले. बैठक जपानी, जमिनीपासून आठ इंच. पाठ स्वीडिश, चांगली कललेली. चित्रातल्या खुर्च्यांवर कोणीच बसलेलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी त्याचा शेजारी, नुसता साहित्याचा पदवीधर.

त्याची बहीण हेमा सव्वीस वर्षांची. चार स्थळांकडून नकार आला होता. पाचवं कल्याणचं. मंडळी यायच्या आदल्या दिवशी श्रीपादने घरातल्या सगळ्या जुन्या खुर्च्या देऊन टाकल्या.

"अरे, माणसं हेमाला बघायला येतायत," त्याची आई सुमतीकाकू म्हणाल्या. "तुझं सुतारकाम नाही."

"आई, आधी घर दिसतं, मग मुलगी."

मुलाचे वडील गोपीनाथराव निवृत्त मामलेदार. देह हुद्द्याला शोभणारा. ते बसले. गुडघे हनुवटीशी आले.

"टेका ना," श्रीपाद म्हणाला. "पाठ स्वीडिश आहे."

ते टेकले आणि आढ्याकडे बघू लागले. पोह्यांची बशी मी त्यांच्या पोटावर ठेवली. दुसरी जागाच नव्हती.

हेमा आली. रीतीप्रमाणे तिने मान खाली घातली. खाली मामलेदार होते.

"स्वयंपाक येतो का?" त्यांनी तिथून विचारलं.

हेमा हसली. चांगली मोठ्याने. काकूंनी डोळे मिटले. गोपीनाथराव रागाने उठायला गेले, उठता येईना. हेमाने बशी बाजूला ठेवली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि एका हिसक्यात त्यांना उभं केलं.

चार दिवसांनी कार्ड आलं. मुलगी धडधाकट आहे, पसंत आहे. अट एकच: साखरपुड्याला येऊ तेव्हा त्या खुर्चीवरून आपलं आपण उठता यावं.

"दहा इंच वाढवले की जपान गेलं," श्रीपाद म्हणाला.

"दादा, तुझं जपान दहा इंचांनी जातंय," हेमा म्हणाली. "माझं वय बघ."

तो नमला. पायांना जोड द्यायला घेतले. जोड दिसता कामा नये, हा त्याचा हट्ट. पहिल्या पायाला अकरा दिवस लागले. साखरपुड्याच्या सकाळी हेमाने शाळेतला बाक मागून आणला आणि व्याह्यांना त्यावर बसवलं. वैशाखात लग्न झालं.

उरलेले तीन पाय तो लग्नानंतर करणार होता. हेमाचा मुलगा आता चालायला लागलाय. खुर्चीचा एक पाय अठरा इंचांचा आहे, तीन आठचे.