रोपाच्या पिशवीतल्या गोळ्या
बायको मंगळवारी सकाळी गेली. काल तिच्या कपाटात रोपाची काळी पिशवी सापडली, तळाशी माती असलेली, आणि मुरगूडजवळची रोपवाटिका आठवली. ती नर्स होती. दवाखान्यात यायला सुनांना घरून परवानगी नसे, ओढ्याकाठी लावायचं रोप आणायला मात्र कुणी अडवत नसे; म्हणून ती रोपवाटिकेतच बसे आणि मागणाऱ्या सुनेला रोपाबरोबर पाळणा लांबवायच्या गोळ्या देई. एकदा एक सासू तरातरा आली. "सून दर महिन्याला रोप आणती. आज पिशवीत गोळ्या घावल्या." सासू ओल्या मातीतच बसली. "तिचं पहिलं अजून अंगावर पितंय. माझ्या लेकाला सांगू नगंस, बाई. हितनं पुढं रोप न्यायला मीच येती." त्या सासूसुनेने लावलेली जांभळाची झाडं ओढ्याकाठी उभी आहेत, आणि ही पिशवी माझ्याकडे आहे.