लाल दोरी

स्कूटरचे ब्रेक जोडणाऱ्या या कारखान्यात प्रत्येक टेबलावर एक लाल दोरी लोंबते. दोष दिसला की ती ओढायची, म्हणजे सरकता पट्टा थांबतो. अधूनमधून इथे येऊन कामगारांना गुणवत्तेचे धडे देताना मी या दोरीपासूनच आरंभ करतो, कारण दोष जिथे जन्मतो तिथेच तो थांबवावा, हे तत्त्व तिच्यात डोळ्यांना दिसते.

काल शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी एका ब्रेकच्या, चाक घासून थांबवणाऱ्या अस्तरावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि दोरी ओढली. पट्टा थांबला. सुपरवायझर येत होते. ते "काय दिसलं?" असे विचारतील, की...

"कोणी ओढली?"

बाईंचा हात डोक्यावरच्या रुमालाकडे गेला. "रुमाल सारखा करताना हात लागला, साहेब."

"दोरी म्हणजे काय पदर वाटला का, मावशी? चला, आधीच उशीर झालाय."

कोणीतरी हसले. पट्टा सुरू झाला.

तो ब्रेक मी उचलला. अस्तराला केसाएवढी चीर होती. मी तो सुपरवायझरांच्या हाती दिला. बाईंनी मान वर केली नाही.

संध्याकाळी उड्डाणपूल उतरताना माझ्यापुढे आमचेच ब्रेक लागतात त्या बनावटीची एक स्कूटर होती. मागे गणवेशातली मुलगी वडिलांना बिलगून बसली होती. त्या स्कूटरचा ब्रेक जोडला गेला, त्या दिवशी तो उचलून पाहायला मी बहुधा कारखान्यात नव्हतो.