पहिलं दूध कुठं ओतलंत?

बाळंतिणीच्या घरात शिरली की बाय आधी बाळाकडे बघायची नाही, बाळंतिणीकडेही नाही. ती सरळ मागच्या दाराला जायची, केळीच्या बुंध्याशी वाकायची आणि तिथली माती बोटानं चाचपायची. मग आत येऊन हात धुता धुता घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारायची, "पहिलं दूध कुठं ओतलंत?"

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला. पण आमच्या भाईंदरात त्या काळी घरोघरी या प्रश्नाला उत्तर असायचं. बाळंतिणीचं पहिलं दूध पिवळसर, दाट, चिकासारखं येतं. ते जड, बाळाला बाधतं, म्हणून तीन दिवस पिळून टाकायचं. कुणी केळीच्या मुळाशी, कुणी भिंतीवर, कुणी मोरीत. तोवर बाळाला गुळाचं पाणी, मध, एरंडेलाचं बोट. हिंदूंच्या घरांत हेच, उत्तनच्या ख्रिस्ती घरांत हेच, मिठागरावरच्या झोपड्यांतही हेच. एरवी विहिरीच्या पाण्यावरून डोकी फोडणारी माणसं, पण या एका गोष्टीत सगळ्यांचं एकमत.

बाय उत्तनची, ख्रिस्ती कोळ्याची विधवा. मुंबईच्या इस्पितळात सुइणीचं काम शिकून आलेली. आमच्या डॉक्टरांनी स्टेशनाजवळ दवाखाना घातला तेव्हा बाळंतपणांसाठी तिला ठेवून घेतली. मी तिथला कंपाउंडर. बायचं पांढरं लुगडं, पायांत कॅनव्हासचे बूट, काखेत छत्री. ती छत्री मी उन्हात कधी उघडलेली पाहिली नाही. लोकांची दारं ढकलायला ती वापरायची.

शेजारच्या गोडदेव गावात एका घरी सून आणि म्हैस एकाच आठवड्यात मोकळ्या झाल्या. औषधांची पेटी घेऊन मीही बायबरोबर गेलो होतो. बाळ दोन दिवसांचं, रडून रडून निपचित पडलेलं. आणि घरात खरवस झालेला. सासऱ्यानं मोठ्या कौतुकानं वाटी पुढं केली. बायनं ती घेतली, हुंगली आणि त्याच्याच मांडीवर परत ठेवली.

"म्हशीचा चीक तुमच्या पोटात, आणि पोराच्या आईचा चीक केळीला. वा."

"बाय, म्हशीचं वेगळं," सासरा म्हणाला.

"व्हय, वेगळंच. म्हशीचं दूध इकता येतं."

मग ती सुनेजवळ मांडी घालून बसली आणि बाळ अंगावर चुटूचुटू ओढायला लागेपर्यंत उठली नाही. सासरा वाटी मांडीवर घेऊन तसाच बसून होता. त्याला खाताही येईना आणि ठेवताही येईना.

परत येताना मी रस्ताभर हसत होतो. हसायला माझं काय जात होतं, दुसऱ्याचं घर होतं.

माझा पहिला मुलगा झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी. बायकोला माहेर नव्हतं, म्हणून बाळंतपण माझ्याच घरी. आईनं बजावून सांगितलं, ती तोंडाळ बाई उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मी बायला कळवलंच नाही. रोज तिच्याबरोबर काम करणारा मी, गोडदेवात सगळं डोळ्यांनी बघितलेला मी. आईनं तीन दिवस दूध पिळून टाकलं. बायकोच्या छातीत गाठी झाल्या, ताप भरला आणि दूध आटलं. मग मी दवाखान्यातून दुधाच्या पावडरीचा डबा आणला.

डब्यावर किती चमचे ते लिहिलेलं होतं. मी निम्मे घातले. तुम्हाला नवल वाटेल, पण कंपाउंडरचा हात तसाच पडतो. लहान मुलाचं औषध म्हटलं की आम्ही पाणी वाढवतो. पातळ पचतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पोराला ढाळ लागले तेव्हा मी दूध आणखी पातळ केलं. ते बिचारं भुकेनं मुठी चोखायचं आणि माझी आई म्हणायची, बघ कसा गुणी आहे, खेळतोय. सवा महिना पुरा व्हायच्या आत गेला.

दवाखान्यात परत आलो त्या दिवशी मी बाटलीत पाणी ओतत होतो. बाय दारात उभी राहिली.

"मिक्श्चरात घालतोस तसं पोराच्या दुधातही पाणीच घातलंस," ती म्हणाली आणि निघून गेली.

पुढची दोन वर्षं मला तिचं तोंड बघवत नव्हतं. खोटं कशाला सांगू, ती मरावी असंही मनात यायचं. तिनं चुकीचं काही म्हटलं असतं तर इतका राग आला नसता.

लढाई चालू असताना मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच, साडेसात महिन्यांची. आईनं ती सुपात घालून माझ्यापुढं आणली. बाय घोडबंदरला कुणाच्या बाळंतपणाला गेली होती. भर दुपारी बैलगाडी करून मी तिला आणायला गेलो. गाडी थांबताच ती उतरली. घरात शिरली, मागच्या दाराला जाऊन आली आणि मग सुपात वाकली.

"पापलेट पण याहून जड येतं," ती म्हणाली. "पण ही जिती हाय."

आई गुळाच्या पाण्याची वाटी घेऊन उभी होती. बायनं वाटी तिच्या हातातून घेतली, स्वतः घटाघटा पिऊन टाकली आणि रिकामी वाटी परत दिली.

"गोड हाय. आता चोळी सोड, म्हातारे."

आई हबकलीच. सोवळ्यातली बाई ती, सुनेच्याही हातचं पाणी न पिणारी. पण बाळंतीण तापानं थडथडत होती आणि मुलगी गार पडत चालली होती. "हिला शेगडी नको, माणसाची ऊब पाह्यजे," बाय म्हणाली. आई मागं सरकायच्या आत तिनं ती उघडी पोर तिच्या उघड्या छातीवर ठेवली आणि दोघींना मिळून लुगड्यात गुंडाळलं. मग माझ्या बायकोचं ते पिवळं दूध हातानं काढून शिंपल्यात धरलं. पोरीला ओढायची ताकद नव्हती. शिंपल्याच्या टोकानं एकेक थेंब तिच्या ओठावर सोडायचा, गिळला की दुसरा.

"बाय, मी काय करू?" मी विचारलं.

"तू शिंपला उकळ. दुधाला हात लावायचा न्हाय. तुझा हात लागला की त्याचं पाणी होतं."

महिनाभर मी शिंपला उकळला. स्वतःच्या घरात मला तेवढंच काम होतं आणि मी ते मुकाट्यानं केलं. बाय रोज यायची, पोरीची टाळू बघायची, ओठ बघायची, आईला दोन शिव्या द्यायची आणि जायची. आई एरवी कुणाचा अर्धा शब्द ऐकून घेणारी नव्हती. पण पोर छातीवर असेपर्यंत तिनं सगळं ऐकून घेतलं. माझी मावशी एकदा मधाची बाटली घेऊन आली तेव्हा आईनं तिला दारातच थांबवलं.

त्याच दिवशी बाय आल्यावर आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "पहिल्याच्या वेळी मीच ओतलं होतं."

"ठाऊक हाय," बाय म्हणाली. "हलू नको, पोर निजलीय."

तिचा इतका हळू आवाज मी एवढ्या वर्षांत कधी ऐकला नव्हता.

इथं थांबता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण पुढचं सांगायलाच हवं.

लढाई संपली आणि डबे पुन्हा यायला लागले. डॉक्टरांनी काचेचं कपाट करून घेतलं. प्रत्येक डब्यावर गुटगुटीत पोराचं चित्र. बाया त्या चित्राकडे बघूनच डबा मागायच्या. बाय दारातच त्यांना अडवायची, "घरी जा, छातीशी लाव. तुझ्याकडं हाय ते या डब्यात न्हाय." कपाट भरलेलं राहायला लागलं. त्यात एका बड्या घरची म्हातारी तक्रार घेऊन आली, की या बाईनं चारचौघांत तिचा अपमान केला.

डॉक्टरांनी मला बायसमोर बोलावलं. "बाय लोकांच्या घरी जाऊन वाटेल ते बोलते, हे खरं का?"

माझी मुलगी तेव्हा घरभर पळत होती. मी म्हणालो, "हो, बोलते."

बस, तेवढंच. शिंपल्याबद्दल मी बोललो नाही, माझ्या पहिल्या मुलाबद्दल बोललो नाही. नोकरी होती ना. सोमवारी बाय कामावर नव्हती. खुंटीवरची छत्री तेवढी कुणीतरी तिच्याकडे पोचवली.

वर्षभर मी उत्तनच्या वाटेला गेलो नाही. मग एक दिवस मुलीला घेऊन गेलो. बांबूंवर बोंबील सुकत घातले होते आणि बाय कावळे हाकत बसली होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मुलीला पुढ्यात ओढलं, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, दंड चाचपला, दात बघितले.

"बरी हाय," ती म्हणाली. "म्हातारी कशी हाय?"

"बरी आहे. बाय, त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी..."

"खरं तेच सांगितलंस. बोलते मी." तिनं एक कावळा हाकलला. "पण कंपाउंडर, आता तिकडं कोण बोलतं?"

परत येताना मुलगी विचारत होती, ती आजी आपल्यावर रागावली का. मी हो म्हणालो.

बाय गेल्याचं मला बोंबील विकायला येणाऱ्या बाईकडून कळलं. पुरून आठवडा झाला होता. भाईंदरातली निम्मी पोरं तिच्या हातावर झालेली, पण डॉक्टरांना सांगितलं तर ते अरेरे म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

त्याच दुपारी मिठागरावरचा एक माणूस डबा मागायला आला. बायको परवाच बाळंत झाली म्हणाला. माझा हात कपाटाच्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला.

"पहिलं दूध कुठं ओतलंत?" मी विचारलं.

त्यानं औषधाच्या खिडकीतून हात घालून माझी कॉलर धरली. पुरुषासारखा पुरुष, बायकांच्या गोष्टी विचारतोस, लाज नाही वाटत. त्याचा आवाज ऐकून डॉक्टर आतून बाहेर आले आणि दारात उभे राहिले.

मी त्यांच्यासमोर पुन्हा विचारलं.