दिगंबर सोनटक्केचे पांढरे शर्ट

माझ्या धाकट्या बहिणीचा, रत्नाचा नवरा दिगंबर सोनटक्के मला कधीच आवडला नाही, आणि आवडावा असं त्यानं काही केलंही नाही. एअर फोर्समध्ये तो विमानांच्या इंजिनांवर होता. त्र्याण्णवच्या सुमारास पेन्शन घेऊन चंदीगडलाच राहिला. तेव्हा खाजगी बस कंपन्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. त्यातल्या एकीनं त्याला इंडस्ट्रियल एरियातल्या आपल्या शेडवर फोरमन नेमलं आणि शेडच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या दिल्या. पंजाबी ड्रायव्हर त्याला ‘फौजी साब’ म्हणायचे. तेवढ्यावर स्वारी खूश.

विमान उडायच्या आधी इंजिन जमिनीवर चालवून बघतात म्हणे. दिगंबरनं तोच नेम बसगाड्यांना लावला. भल्या पहाटे साऱ्या बस शेडमध्येच चालू करायच्या आणि इंजिनं चांगली तापेपर्यंत एकही जागची हलवायची नाही. हा इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घालून मागे उभा, धुराचा रंग बघत. मग पहिल्या बसमध्ये बसून स्टँडवर निघून जायचा तो संध्याकाळी परत. धूर मात्र कुठे जाणार? तो रत्नाच्या स्वयंपाकघरात यायचा. दिवसातून कितीदा ओटा पुसला तरी फडकं काळंच. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी धरायची, म्हणून ती त्याचे शर्ट आतल्या खोलीत, खिडक्या गच्च लावून वाळवायची. हे त्याला दहा वर्षांत कळलं नाही. शर्ट पांढरेच असतात, अशी त्याची समजूत असावी.

मी खोल्या बदला म्हणून किती वेळा सांगितलं. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं: शैलाताई, थंड इंजिन पळवलं की झिजतं. बायकोचं काय होतं, हा प्रश्न त्याच्या ट्रेनिंगमध्ये नव्हता.

दोन हजार तीन साली महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत डॉक्टर मधुरिमा भेटल्या. त्या वर्षानुवर्षं धुरात राहणाऱ्या माणसांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या सोनोग्राफीवर तपासत होत्या. दिगंबर छाती पुढे काढून तयार झाला. फौजी तब्येत दाखवायची हौस, दुसरं काय! रत्नाला त्यानं बरोबर नेलं, मी सोबतीला गेले.

त्याचा रिपोर्ट अगदी साफ आला. रत्नाच्या रक्तवाहिनीची भिंत वयाच्या मानानं जाड निघाली. डॉक्टरांनी साखर, रक्तदाब, तंबाखू, घरचा इतिहास सगळं विचारलं. आमच्या आईला पक्षाघात झाला होता, एवढंच सापडलं. त्या म्हणाल्या की आत्ता त्रास काही नाही, पण पुढच्या दुखण्याची ही लवकरची खूण असते. धुरामुळेच झालं असं एका माणसाबद्दल छातीठोकपणे सांगता येत नाही, पण धुराचा हात असू शकतो. “मी तुमच्या जागी असते तर त्या खोल्यांत राहिले नसते,” असंही त्या म्हणाल्या.

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं रत्नानंच केलं होतं. वाचा गेलेल्या बाईचे डोळे कसे असतात, हे तिला माहीत होतं. ती किती घाबरली होती ते मला दिसत होतं, आणि शेजारी हा गृहस्थ स्वतःचा रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवत होता. पुढे कित्येक दिवस तो कागद त्यानं ड्रायव्हरांना दाखवला. मी धुराच्या तोंडाशी उभा राहतो, माझ्या नसा साफ, मग धुराचा काय दोष? रत्नाला म्हणे तूप भोवलं.

रत्नानं त्याला एकच गोष्ट मागितली. बस बाहेर मैदानात नेऊन तापवा, नाहीतर आपण दुसरीकडे राहू. तो म्हणाला, शिस्त म्हणजे शिस्त. दुसऱ्या दिवशी पहाटे साऱ्या बस पुन्हा शेडमध्येच घुरघुरल्या. त्याच सकाळी रत्ना एक बॅग घेऊन चंदीगडमधल्याच मनीमाजऱ्याला माझ्याकडे आली. मी वरची खोली झाडून दिली. कधी परत जाणार, हे तिला विचारलं नाही आणि विचारणारही नव्हते.

महिन्याभरानं एका रविवारी दिगंबर दारात उभा राहिला. मला वाटलं, माफी मागायला आला. अंगातला शर्ट राखेच्या रंगाचा झाला होता आणि हातात कापडी पिशवी होती. पिशवी पुढे करून तो रत्नाला म्हणाला, “एवढे शर्ट धुऊन इथे गच्चीवर वाळत घाल. तिकडे धुरानं काळे पडतात.”

रत्नानं पिशवीला हातही लावला नाही. त्याच्या खिशातून त्या घडी घातलेल्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं. तिनं त्याकडे बोट दाखवलं.

“अहो, तुमचा रिपोर्ट दाखवा की त्या शर्टांना.”

त्यानं ते टोक खिशात आत ढकललं. दार मी लावलं.